सर्व पंचांच्या वतीने

बुनहुआंग पंच झाला तो गळ्यात टेप असायची म्हणून. तो मूळचा शिंपी. लाओसच्या राजधानीत, व्हिएंतियानमध्ये, शाळेचे गणवेश शिवायचा. दुकानामागच्या मोकळ्या जागेत माणसं पेटांक खेळायला जमायची. खेळ सोपा. जमिनीवर एक लाकडी गोटी टाकायची, लांबून लोखंडी गोळे फेकायचे, ज्याचा गोळा गोटीला जवळ त्याचा गुण. जवळ कोणाचा, यावरून रोज संध्याकाळी भांडण आणि भांडण पेटलं की हाक, "अहो टेपवाले काका!" तीस वर्षांत त्याने इतकी भांडणं मोजली की शेवटी त्याला पंचाचा बिल्ला मिळाला.

यंदा मेकाँग क्रीडास्पर्धा व्हिएंतियानला आल्या आणि उद्घाटनाला सर्व पंचांच्या वतीने शपथ घ्यायला त्यालाच उभं केलं. एवढ्या पंचांतून तोच का? तर बाकीच्यांना भाड्याचे सूट मिळाले होते आणि ते बाह्यांपाशी लोंबत होते. याचा घरचा. सगळ्या देशांसमोर झेंड्याचं टोक धरून त्याने सांगितलं की आम्ही निःपक्षपातीपणे न्याय देऊ. घरी बायको म्हणाली, "कॉलर छान बसली होती."

महिला एकेरीच्या अंतिम सामन्याला तो पंच असणारच नव्हता. यजमान लाओसची विएंगखाम विरुद्ध मेकाँग नदीपलीकडची, थायलंडची लाम्दुआन. अशा सामन्याला तिसऱ्या देशाचा पंच लागतो आणि तो होता, मलेशियाचा. पण आदल्या दिवशी पपईच्या कोशिंबिरीत आंबवलेल्या मासळीचं पाणी किती घालू, असं विचारल्यावर तो गृहस्थ म्हणाला, "तुम्ही खाता तेवढं." सकाळी त्याला उठवत नव्हतं.

थायलंडचा प्रशिक्षक म्हणाला, "शपथ घेतली तोच माणूस द्या. सगळ्या जगासमोर बोललाय, आता कुठे जातोय?"

त्या सकाळी आयोजकांनी सगळ्या पंचांसाठी बासी नावाचा आशीर्वादाचा विधी ठेवला होता. केळीच्या पानांचा मनोरा मधोमध, भोवती म्हातारी मंडळी, आणि एकेक जण पुटपुटत मनगटाला पांढरा सुती धागा बांधतोय. चाळीसेक म्हातारे, दोन मनगटं. बुनहुआंगचे हात कोपरापर्यंत मेंढीसारखे दिसू लागले. तीन दिवस तोडायचे नाहीत, टोकं कापायची नाहीत, नाहीतर अंगातले बत्तीस प्राण बत्तीस दिशांना जातात.

लाम्दुआनने ते धागे बघितले आणि आपलंही मनगट वर केलं. तिच्या गावीही हीच रीत. "काका, तुम्ही तर ब्लँकेटच पांघरलंय!"

सामना बारा-बारावर आला. तेरा झाले की सुवर्ण. सगळे गोळे फेकून झाले आणि गोटीच्या डावीकडे विएंगखामचा गोळा, उजवीकडे लाम्दुआनचा. डोळ्यांना फरक कळेना. बुनहुआंग गुडघ्यावर बसला.

डावीकडचा मोजला. बासष्ट सेंटिमीटर, तीन मिलिमीटर. मग टेप उजवीकडे वळवली, आणि मनगटाच्या धाग्यांचा झुपका गोटीवरून घासत गेला.

गोटी हलली. किती? मुंगीने कूस बदलावी इतकी.

उजवीकडचा गोळा भरला बासष्ट सेंटिमीटर, चार मिलिमीटर.

इथे करायचं काय ते त्याला पक्कं माहीत होतं. डावीकडचा पुन्हा मोजायचा. आकडा बदलला तर गोटी किती सरकली ते लगेच कळतं. शर्टाची बाही चुकली की तो रोज हेच करतो. पण त्याची मान वर झाली आणि समोर चार हजार माणसं श्वास धरून बसलेली दिसली, त्यांत त्याची बायकोही. टेप खोटं बोलत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि टेप खरंच खोटं बोलत नव्हती.

"लाओसचा गुण," तो म्हणाला.

एवढा गलका झाला की कबुतरं उडाली. विएंगखामने आपला गोळा उचलला आणि त्याची पापी घेतली. पुन्हा मोजायला आता काही उरलं नाही.

पदकाचा मंच आणेपर्यंत दहा मिनिटं गेली. ती बुनहुआंगने उभ्यानेच काढली. मग तो आयोजकांचे सचिव सोमवांग यांच्याकडे गेला.

"साहेब, मोजताना गोटी हलली होती."

"कोणी हलवली?"

"मी."

"मग गप्प बसा ना! कोणी बघितलंय?"

"मी बघितलंय."

"तुम्ही सोडून."

"मी बघितलं," मागून लाम्दुआन म्हणाली.

सोमवांग गर्रकन वळले. "मग तेव्हाच का नाही बोललीस, बाई?"

लाम्दुआनने बूट जमिनीवर घासला. "मला वाटलं, माझ्या बाजूला सरकली."

"मीपण बघितलं," विएंगखाम म्हणाली. गळ्यात अजून पदक नव्हतं, पण हात छातीवर होता. "मला वाटलं, माझ्या बाजूला."

सोमवांगनी डोळे मिटले. एकाच गोटीने दोघींना दोन दिशांना आशा लावली होती आणि तिघांनी तोंडं शिवून घेतली होती. त्यांतला एक तर शिंपीच.

तीन जणांची समिती बसली. अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "ऐका. मोजताना खुद्द पंचाकडून गोटी हलली, तर पंचाने न्याय्य निर्णय द्यावा. तुम्ही निर्णय दिलात?"

"दिला."

"न्याय्य होता?"

"माहीत नाही."

"अन्याय्य होता?"

"तेही माहीत नाही. पुन्हा मोजलं असतं तर कळलं असतं. मी मोजलं नाही."

"का?"

बुनहुआंगने मनगटावरचे धागे सारखे केले. "मोजलं असतं तर कळलं असतं ना," तो म्हणाला.

समितीने कुजबुज केली आणि निकाल सांगितला. अन्याय सिद्ध होत नाही, म्हणून सामन्याचा निर्णय कायम. शिवाय पंचाने स्वतःहून कबुली दिली, हे या स्पर्धेच्या थोर आदर्शांना शोभणारं आहे, म्हणून त्यांना प्रामाणिकपणाचा चषक.

"मला नको," बुनहुआंग म्हणाला.

"काका, तो कोरायला गेलाय," सोमवांग म्हणाले.

चषक घेऊन तो मंचावरून उतरला तेव्हा लाम्दुआन बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. तो शेजारी बसला.

"पोरी, चूक माझी."

"असू द्या हो." तिने रुपेरी पदक पिशवीत टाकलं. "तिला सोनं मिळालं ते मोजल्यामुळे. तुम्हाला चषक मिळाला तो न मोजल्यामुळे. गप्प मात्र तिघंही बसलो." मग मान वर न करता म्हणाली, "मी जिंकले असते का, काका?"

तीस वर्षं हा प्रश्न आला की बुनहुआंगचा हात टेपकडे जायचा, आताही गेला.

दुसऱ्या दिवशी पुरुषांचा अंतिम सामना. कंबोडिया विरुद्ध व्हिएतनाम. मलेशियाचे पंच उठून बसले होते, तरी दोन्ही संघांनी बुनहुआंगच हवा म्हणून अर्ज दिला. इतका प्रामाणिक माणूस स्पर्धेत दुसरा कुठे आहे?

पहिल्याच फेरीत दोन गोळे अटीतटीचे पडले. बुनहुआंग टेप काढून पुढे झाला. कंबोडियाच्या खेळाडूने घाईने हात हलवला आणि गुण समोरच्याला देऊन टाकला. पुढच्या फेरीत व्हिएतनामच्याने तेच केलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण एका गोष्टीवर एकमत होतं. काका खाली बसता कामा नयेत.

"काय ही खिलाडूवृत्ती!" सोमवांग ध्वनिक्षेपकावरून ओरडत होते. "एकमेकांना गुण देताहेत! हेच ते मेकाँगचं हृदय!" लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बुनहुआंगने टेप गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली.

बारा-बारा झाले. शेवटचे दोन गोळे गोटीच्या दोन बाजूंना थांबले. दोघे खेळाडू एकमेकांकडे बघत राहिले. फुकट सुवर्ण द्यायला दोघांपैकी कोणीच तयार नव्हतं, आणि मोजून घ्यायलाही नाही. मग छापा-काटा करू, असं बोटांनी ठरलं. पण लाओसमध्ये नाणं कुठून येणार, सगळा नोटांचा कारभार. शेवटी लहान पोरं करतात तसा दगड-कागद-कात्रीचा डाव लागला, आणि त्यासाठी सगळं मैदान मुठी वळून एक-दोन-तीन मोजू लागलं.

तेवढ्यात बुनहुआंगची नजर गोळ्यांवर गेली. आज टेपची गरजच नव्हती. कंबोडियाचा गोळा अर्ध्या बोटाने जवळ होता. त्याचा डोळा तीस वर्षांचा होता, शंभर टक्के खात्री होती.

"थांबा," तो म्हणाला. "मला दिसतंय. कंबो..."

कंबोडियाच्या खेळाडूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मोठ्या आदराने, आजारी माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा. लाओ भाषेतले दोनच शब्द त्याला येत होते, ते त्याने वापरले.

"काका, नको."

मग त्याने मूठ वळली, कागदासमोर दगड काढला आणि हरला.