तिन्ही रीडिंग सारखी

सत्त्याण्णव साली, सांगलीहून परदेशात येऊन माउंट रॉस्किलच्या फार्मसीत सहा वर्षं काढलेली सुखदा मेडिकलला अर्ज करायचा म्हणून पुन्हा फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीला बसली. टायट्रेशनची रीडिंग तिने लिहिली: १०.१, १०.१, १०.१.

विशीतला ट्यूटर हसला. "खरंच तिन्ही सारखी?"

तिला सांगलीच्या कॉलेजातले दाभोळेसर आठवले. तिथे अख्खी बॅच ब्युरेट एकदाच भरायची, जर्नलमध्ये तोच आकडा तीनदा उतरवायची, आणि सर डोळे झाकून सही ठोकायचे.

"खरंच!" ती तडकली आणि त्याच्यादेखत चौथ्यांदा थेंब सोडू लागली. गुलाबी छटा नेमकी १०.१ ला आली.

"स्वीट ॲज!" असं तिथल्या बोलीत 'झकास' म्हणत तो पुढच्या टेबलाकडे वळला.

सुखदाने चौथा आकडाही वहीत उतरवला. आयुष्यात पहिल्यांदाच रीडिंग खरी आली होती, आणि सही करायला दाभोळेसर नव्हते.