थोरल्यालाही करंट द्या

खुटबावच्या मल्हारीला धाकट्या भावाचा हेवा वाटायचा, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोशिवाय, ललिताशिवाय, कुणाला ठाऊक नव्हती. माऊली त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. मल्हारीनं सातवीत शाळा सोडली ती वडिलांच्या, आबांच्या, मेंढरांमागं चालण्यासाठी. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर घाट चढून परत यायचं. माऊलीच्या वेळेपर्यंत आबांनी मेंढरं विकली, रानात ऊस लावला आणि पोराला आयटीआयला घातलं. आता माऊली शिरूरला राहायचा, रांजणगावच्या एका कंपनीत मशिनवर होता आणि दारात चारचाकी होती.

आबांची शेवटची दीड वर्षं अंथरुणात गेली. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं सगळं मल्हारीनं केलं. आणि आबा रोज सकाळी एकच विचारायचे, "माऊली कवा येनार हाय?" रविवारी माऊली आला की उशीला टेकून बसायचे, दोन घास जास्त खायचे. तो गेला की भिंतीकडं तोंड. आबा जाऊन तीन वर्षं झाली, तरी मल्हारीच्या कानातून तो प्रश्न गेला नव्हता.

माऊलीला लहानपणापासून फिट यायची. गोळ्यांनी ती दबून असायची. मागच्या उन्हाळ्यात मात्र तो चालू मशिनपुढं पडला आणि कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये बसवलं. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, फिट डोक्यात नेमकी कुठून उठते ते शोधू, काढण्यासारखी जागा असली तर काढून टाकू. त्यासाठी कवटीला बारीक भोकं पाडून आत तारा सोडायच्या आणि दहा दिवस दवाखान्यात ठेवायचं. माऊलीची बायको प्रगती हिच्या अंगावर सहा महिन्यांचं लेकरू होतं, म्हणून सोबतीला मल्हारी राहिला. पाहुणेरावळे म्हणाले, थोरला भाऊ म्हंजी बापाच्या जागी. मल्हारीनं नुसती मान हलवली.

पाचव्या दिवशी साधना मॅडम आल्या. या डॉक्टरीण बाई माणसाच्या भावनांचा अभ्यास करत होत्या. तारा आत आहेतच, तर त्यांतून अगदी हलका करंट सोडून माणसाला काय वाटतं ते त्यांना बघायचं होतं.

"यानं तुमचा आजार बरा होणार नाही," त्यांनी आधीच सांगितलं. "भीती, राग, माया हे डोक्यात कुठं आणि कसं उठतं, एवढंच आम्हाला शिकायचंय. कधी करंट असेल, कधी नुसतंच बटण दाबीन. कधी काय, ते सांगणार नाही. नको असेल तर सरळ नाही म्हणा."

"घ्या की," माऊली म्हणाला. "पडूनच तर हाय."

पहिल्या चार वेळा काहीच झालं नाही. पाचव्या वेळी तो एकदम घाबरला आणि कॉटची दांडी धरून बसला. मॅडमनी थोडा वेळ जाऊ दिला, मग दुसरी तार घेतली.

माऊलीचा चेहरा एकदम सैल पडला. डोळे भरून आले.

"काय वाटतंय?" मॅडमनी विचारलं.

"आबा," तो म्हणाला. "आबा हायेत. मागं उभं हायेत. डोक्यावर हात ठेवलाय."

"दिसतायत?"

"दिसत न्हाईत. पर हायेत. लई माया करत्यात, मॅडम. कसं सांगू? मला आता कशाचीच काळजी न्हाई."

मॅडमनी मध्ये दोनदा नुसतंच बटण दाबलं, तेव्हा कुणी आलं नाही. करंट सोडला की आबा परत यायचे. मल्हारी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होता. त्याच्या छातीत आग पेटली. ज्यानं दीड वर्ष घाण काढली तो इथं स्टुलावर, आणि मेल्यावरसुद्धा आबा आले ते धाकट्याकडंच.

मॅडम बाहेर पडल्या तसा तो मागोमाग गेला.

"मॅडम, मलाबी द्या की करंट."

"धडधाकट माणसाच्या डोक्यात आम्ही तारा घालत नाही, दादा."

"घाला. म्या सही करतो."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की त्यांचा दुसराही एक अभ्यास चालू आहे. त्यात कपाळावर दोन ओल्या पट्ट्या बांधून बाहेरूनच सौम्य करंट देतात, फोटो दाखवतात आणि काय वाटलं ते विचारतात. त्याला निरोगी माणसं लागतात. तीन वेळा यावं लागेल. तिथंही काही जणांना करंट असतो, काहींना नसतो. मल्हारीला यातलं 'करंट' तेवढं ऐकू आलं. त्यानं सही केली.

दहा दिवस भरल्यावर माऊलीच्या तारा काढल्या आणि तो शिरूरला गेला. पुढच्या सोमवारी मल्हारी सकाळच्या गाडीनं पुण्याला निघाला. अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून, लग्नाला निघाल्यासारखा. पट्ट्या बांधल्या तेव्हा सुरुवातीला कपाळावर मुंग्या चालल्या. मग एकेक फोटो आला: म्हातारा माणूस, रांगणारं लेकरू, मोकळं रान. मल्हारी मागं कुणी उभं राहतं का त्याची वाट बघत होता. डोक्याचा मागचा भाग त्यानं ताठ धरला होता, हात टेकायला सोपं जावं म्हणून. कुणी आलं नाही.

"काही वाटलं?" मॅडमनी विचारलं.

"आबा आले," मल्हारी म्हणाला.

मॅडमनी लिहून घेतलं. तोंडातून एकदा गेलं ते गेलं. दुसऱ्या खेपेला आबा बोललेसुद्धा. त्याच संध्याकाळी त्यानं माऊलीला फोन लावला.

"मलाबी आले आबा. म्हनले, मल्हारी, तुझ्याबिगर माझं कोन हाय?"

पलीकडून माऊली हळू म्हणाला, "माझ्याशी तर काईच बोलले न्हाईत. नुसता हात ठेवला." मल्हारीला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. त्या दिवशी तो ललिताशी उगाच गोड बोलला.

तिसऱ्या खेपेला पट्ट्या सोडल्यावर मॅडम समोर बसल्या.

"आता सांगायला हरकत नाही. तुमच्या गटाला करंट नव्हता, दादा. सुरुवातीला क्षणभर मुंग्या येण्यापुरता, नंतर बंद. तिन्ही वेळा."

मल्हारीचे कान तापले. टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "मग आबा आले न्हाईत असं लिवा."

"तुम्हाला खरंच वाटलं असेल, तर तेही—"

"न्हाई वाटलं. खोटं बोललो."

"का?"

"धाकट्याकडं आले म्हनून."

मॅडमनी त्याच्याकडं एकदा पाहिलं, आधीच्या ओळींवर रेघ मारून खाली सही केली, आणि त्याच्यासाठी चहा मागवला.

माऊलीला हे कळू द्यायचं नाही, असं मल्हारीनं गाडीत ठरवलं. पण दोन दिवसांनी प्रगतीचा फोन आला. ती रडत होती.

"दादा, तुम्ही या. फिटची जागा घावली, ऑपरेशनची तारीख मिळाली, आन् हे न्हाई म्हनत्यात. आज परत पडले. लेकरू मांडीवर होतं."

मल्हारीनं मोटरसायकल काढली. पारगावचा पूल ओलांडून, न्हावऱ्यावरून तो तासाभरात शिरूरला पोचला. माऊली गॅलरीत बसला होता. भुवईवर पट्टी होती.

"का न्हाई म्हनतोयस?"

"जिथं आबा आले, तीच जागा काढायची म्हनत्यात," माऊली म्हणाला. "मी स्पष्ट इचारलं. डॉक्टर म्हनले, व्हय, तेवढा भाग जानार. तुला काय, तुझ्याकडं ते बाहेरनंबी येत्यात, बोलत्यात. माझी जागा काढली की आबा तुझ्या एकट्याचे. लई बेस."

त्याच्या तोंडावर जे होतं ते मल्हारीनं लगेच ओळखलं. इतकी वर्षं तो स्वतः तेच पोटात घेऊन फिरत होता. घरात प्रगतीनं लेकराला खांद्यावर टाकलं होतं. त्याच्या दंडावर निळा वळ उठला होता.

"माझ्याकडं कोन आलं न्हाई," मल्हारी म्हणाला. "मला करंटच न्हवता. समदं मनानं रचलं."

माऊली ताडकन उठला. "आबांच्या नावानं?"

"व्हय."

"लाज वाटली न्हाई तुला?"

"वाटती की. म्हनून तर सांगतोय."

माऊली आत गेला आणि दार ओढून घेतलं. मल्हारी तासभर तसाच गॅलरीत बसून राहिला. प्रगतीनं पाणी आणून दिलं, ते त्यानं हातातच धरलं. शेवटी दार उघडलं.

"म्हंजी तुला काईच न्हाई व्हय?" माऊलीनं विचारलं.

"काईच न्हाई."

माऊली येऊन त्याच्या शेजारी टेकला. "मग आता दोघंबी सारखेच. तारखेला तू ये सोबतीला," तो म्हणाला.

ऑपरेशन नीट झालं. चार महिने झाले, एकही फिट नाही. डॉक्टरांनी अजून मशिनवर जाऊ दिलं नव्हतं, म्हणून माऊली महिनाभर खुटबावला येऊन राहिला. एका दुपारी बांधावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "आबांचं तोंड आठवतं, बोलनं आठवतं. पर मनात काई हलत न्हाई. फोटोतल्या मानसागत वाटतं. येईलबी पुन्हा, मॅडम म्हनल्या, सांगता येत न्हाई."

मल्हारीला आधी बरं वाटलं. फिट्टंफाट झाली एकदाची, असं वाटलं. मग धाकट्याच्या डोक्यावरचा टाक्यांचा वाकडा वण दिसला आणि त्याची मान खाली गेली.

"तू सांग की कायतरी आबांचं," माऊली म्हणाला. "मेंढरांमागं होतास तवाचं. मला त्यातलं कायबी ठाव न्हाई."

मल्हारीनं सांगायला सुरुवात केली. आबा कुत्र्याला कसे शिव्या द्यायचे, कोकणातल्या बायका शेतात खतासाठी मेंढरं बसवायला भात देऊन कशा बोलवायच्या, आबांना समुद्राची कशी भीती वाटायची. माऊली हसत होता, मध्येच "आन् मग?" म्हणत होता. सांगता सांगता मल्हारीला इतक्या वर्षांनी एक जुनी गोष्ट आठवली. तेरा-चौदाचा असताना तापानं तो घाटाखाली फणफणला होता. आबांनी कळप दुसऱ्याच्या हवाली केला आणि दोन दिवस त्याच्याजवळून हलले नाहीत. "मेंढरं गेली तर जाऊ देत," ते म्हणाले होते, "तू ऱ्हा."

"आन् मग?" माऊलीनं विचारलं.

"मग काय," मल्हारी म्हणाला, "घाट चढून माघारी आलो." आणि तेवढी गोष्ट त्यानं स्वतःजवळ ठेवली.