कोरडी पायरी

ठण्ण! आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, घागरीच्या तोंडावरचं फडकं ओढून काढलं आणि झाकणी जमिनीवर आपटली. मांडीवरचा माझा तान्हा जोतिबा दचकला, त्यानं माझ्याकडं टुकूटुकू बघितलं आणि पुन्हा दुधाला लागला.

"ह्या घरात पाणी गाळून प्यायचं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "जैन झालीस का गं तू?"

फडकं दिलं होतं सांगलीहून आलेल्या चंदनबाला नर्सबाईंनी. त्या जैन, एवढंच गावानं लक्षात ठेवलं. त्या चावडीपुढं सांगत होत्या ते नारूचं, पायातून निघणाऱ्या दोऱ्यासारख्या किड्याचं. नारू फुटलेला पाय विहिरीत बुडाला की त्याची पिल्लं पाण्यात सुटतात. ते पाणी जो पिईल, त्याच्या पायातून पुढच्या उन्हाळ्यात नारू निघतो. म्हणून पाणी दुहेरी फडक्यानं गाळा, आणि नारूवाल्यांनी विहिरीत उतरू नका. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "नर्सबाई धरम वाटाया आलीया," शेजारची साळूबाई म्हणाली, आणि घरोघर तेच बोललं गेलं.

माझ्या घोट्यातून नारू निघाला होता. पांढरा दोरा, काडीला गुंडाळून ठेवलेला. माझ्या लेकीच्या, रंगूच्या, इवल्याशा पोटरीतही तसाच. आणि आज जोतिबाला सव्वा महिना झालेला, म्हणजे पाण्याची पूजा. बाळंतिणीनं विहिरीत गुडघाभर पाण्यात उतरून साती आसरांची, पाण्यातल्या देवींची, ओटी भरायची, मग भरली घागर घेऊन वर यायचं.

"आत्याबाई, मी पायरीवरनंच ओटी वाहते."

"त्या काय भिकारणी हायत व्हय, लांबनं टाकाया?"

मालक फौजेत. माझ्या बाजूनं बोलणारं घरात कुणी नव्हतं.

उन्हाळ्यानं विहिरीचं पाणी पार तळाशी गेलेलं. शेवटच्या कोरड्या पायरीवर मी थांबले. जोतिबा खांद्याशी, मागं साऱ्या बायका.

"उतर," आत्याबाई म्हणाल्या.

"पायाला नारू हाय माझ्या. हे पाणी सारं गाव पितं, आवं."

"नारू कुणाला न्हाई?" साळूबाई खेकसली. "आमी काय मेलो व्हय?"

"तिला आता नर्सबाईचा हात धरून सरगाला जायाचंय," मागच्या बायकांतली बयाबाई म्हणाली. तिचं हसू विहिरीच्या दगडांत घुमलं.

मी वाकून ओटी हातानंच पाण्यावर सोडली. नारळ डुलत पुढं गेला, खण भिजून पसरला. पाय मात्र मी कोरडा ठेवला. मागून कुणाचं तरी कोपर पाठीत बसलं. तोल गेला. एका हातानं भिंतीचा दगड धरला, दुसऱ्यानं बाळ छातीशी आवळलं.

"पोराच्या जिवावर उठलीस गं!" आत्याबाई ओरडल्या. त्यांचा आवाज फाटला. आसरा कोपतील अशी त्यांना खरंच भीती वाटत होती, आणि ती माझ्याच लेकरासाठी. ते कळत होतं, म्हणून जास्त लागलं.

वर काठावर रंगू पूजेनंतर वाटायच्या घुगऱ्यांची टोपली घेऊन बसली होती. एकीनंही पदर पसरला नाही. "आसरांचा मान मोडला हिनं. ह्या घुगऱ्या कोन खाईल?" असं म्हणत साळूबाई पोरीला ओलांडून गेली. भरली टोपली मी घरी आणली.

घरी आत्याबाई आमच्याकडं पाठ करून चुलीपुढं बसल्या. मी कोपऱ्यात माझ्या लुगड्याचा पदर दुहेरी करून तांब्यातलं पाणी गाळलं आणि रंगूला दिलं. ती प्याली. मग एकेक घुगरी तोंडात टाकत आपल्या पोटरीवरची काडी निरखू लागली.

"आई, पाण्यात पाय बुडवला की पिल्लं सुटत्यात, असं नर्सबाई म्हनल्या न्हवं?"

"व्हय गं बाळा."

"गेल्या उन्हाळ्यात आज्जीला नारू झालता. लय आग व्हायची, म्हून ती विहिरीत पाय सोडून बसायची. मी बी तिच्याजवळ बसायची. मला तहान लागली की वंजळीनं पाणी पाजायची."

चुलीपुढं आत्याबाईंची फुंकणी थांबली.

"मग आई, माझ्या पायातला ह्यो नारू आज्जीचा हाय का गं?"