जोडघर

शकूनं भिंतीवर दोनदा ठोकलं आणि कान लावून उभी राहिली.

भिंत नवीकोरी होती, रंगाचा वास अजून गेला नव्हता. पलीकडच्या घरात तिनं जिजाला मुद्दाम उभं करून ठेवलं होतं. मी ठोकलं की तूही उलट ठोकायचंस, असं दोनदा बजावलं होतं. पलीकडून काहीच आलं नाही. शकूनं पुन्हा ठोकलं, या वेळी मुठीनं.

“काकू, नाही ऐकू जाणार,” मागे उभी असलेली संजना म्हणाली. ती वसाहतीच्या कार्यालयातली मुलगी, सकाळपासून घरं दाखवत या दोघींबरोबर फिरत होती. “जोडघरांच्या भिंती मुद्दाम तशा बांधल्यात. एकमेकांचा त्रास नको म्हणून.”

“शेजाऱ्याचा कसला आलाय तरास?” शकू फणकारली. “असल्या भिंतीतून तर माणूस मेलं तरी कळायचं नाय.”

“त्यासाठी दोरी आहे ना. पलंगाशी आहे, बाथरूममध्ये आहे. ओढली की नर्स येते.”

“दोरी ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. आमाला शेजार पुरतो. मी हाय, जिजा हाय.”

ती तरातरा बाहेर आली आणि पलीकडच्या घरात शिरली. जिजा भिंतीपाशी नव्हतीच. ती मागच्या खिडकीत उभी राहून बाहेर बघत होती.

“ठोकलं का नाय गं?”

“ऐकू आलं नाय,” जिजा म्हणाली. तिनं मान वळवली नाही.

कर्जतच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी ही ज्येष्ठांची वसाहत पसरली होती. शेकड्यांनी घरं, दवाखाना, देऊळ, जेवणघर, पाय घसरू नये म्हणून खरखरीत फरशीच्या वाटा, आणि प्रत्येक विभागाला फुलाचं नाव. एवढं सगळं म्हाताऱ्यांसाठी केलेलं, आणि भर दुपारी वाटेवर चिटपाखरू नाही. देवळासमोरच्या बाकावर तेवढे एक आजोबा फाटकाकडे तोंड करून बसले होते. सकाळी या आल्या तेव्हाही ते तसेच बसलेले होते. पौषातले दिवस, पण थंडी नाही की ऊन नाही, नुसतं मळभ. डोंगर असून नसल्यासारखा.

शकू आणि जिजा मोहोपाड्याच्या. दोघींचे नवरे एकाच रासायनिक कारखान्यात, एकाच पाळीला. कामगारांनी मिळून बांधलेल्या बैठ्या सोसायटीत दोघींची घरं भिंतीला भिंत लावून. सोसायटी आता होळीनंतर पाडायची होती, तिथं टॉवर उठणार होता. शकूचा देवेश पुण्याला, जिजाची अक्षदा बडोद्याला. पोरांनी आपापसात फोनाफोनी केली आणि दोघींना इथंच घरं घ्यायची असं ठरवून टाकलं. पोरांना बरंच झालं म्हणा ना, दोघी एकमेकींना बघतील. देवेश आज गाडी घेऊन आला होता खरा, पण आल्यापासून गाडीला टेकून तो फोनवरच होता.

शकूला या वसाहतीचं काही सोयरसुतक नव्हतं. तिला हवी होती फक्त जिजा, शेजारी. बाकी घर पूर्वेला असो नाहीतर पश्चिमेला. याचं कारण ती कुणाला सांगत नसे. तिचा नवरा मोरू गेला तेव्हा तेराव्यापर्यंत दारात माणूस मावत नव्हतं, आणि चौदाव्या दिवसापासून कुणी फिरकलं नाही. जिजा यायची, पण तिला तिचं घर होतं, नवऱ्याची, आबाजींची, जेवणाची वेळ व्हायची, तिला उठावं लागायचं. मग शकू भांड्यांशी बोलायची. शिट्टी द्यायला उशीर केला म्हणून कुकरला रागवायची. आपल्याला वेड लागतंय असं तिला वाटायला लागलं होतं. पुढे काही वर्षांनी आबाजी जेवता जेवता गेले, तेव्हा शकूनं मनाशी गाठ बांधली की हिला मी अशी एकटी पडू देणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून तिनं कुकरला रागवणं सोडलं. बोलायला जिजा मिळाली.

जेवणघरात संजनानं त्यांना बसवलं. वसाहतीचं जेवण चाखून बघा म्हणाली. शकूनं ताट बाजूला सारलं आणि पिशवीतून स्वतःचा डबा काढला. कडव्या वालांचं बिरडं, तांदळाची भाकरी. वाल भिजवायचे ते दोन घरांचे, मोड आणायचे ते दोन घरांचे, असंच चालत आलं होतं.

“भूक नाय गं,” जिजा म्हणाली.

“दोन घास खा. पहाटे उठून सोललेत वाल.”

“खरंच नाय.”

“गप. खा.”

जिजानं खाल्लं. खाताना ती खिडकीतून ओढ्याकडे बघत होती. ओढ्यावर छोटा पूल होता आणि पलीकडे झाडीत काही घरं दिसत होती, एकमेकांपासून सुटी सुटी.

“तिकडं काय हाय?” तिनं संजनाला विचारलं. सकाळपासून तिनं आपणहून विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

“तो बकुळ विभाग. तिथं जोडघरं नाहीत, एकेकटी घरं आहेत. जरा आडबाजूला पडतं, दवाखानाही लांब. फारसं कुणी घेत नाही.”

“घेईल कशाला?” शकू डबा पुसत म्हणाली. “स्मशानकळा आलीय नुसती. मोगऱ्यातलं मघाचंच जोडघर पक्कं कर बाय तू.”

“मला बघायचंय,” जिजा म्हणाली.

शकूला हसू आलं. बघू दे बापडीला, बघायला काय जातंय! तिघी बॅटरीच्या गाडीत बसल्या आणि पूल ओलांडून पलीकडे गेल्या.

बकुळमधलं घर लहान होतं. एक खोली, एक ओटा, मागे चार कुंड्या राहतील एवढी जागा. शकूनं दारातूनच नाक मुरडलं. जिजा मात्र सरळ स्वयंपाकाच्या ओट्याशी गेली. तिनं वरचं कपाट उघडलं, बंद केलं. नळ सोडला, पाण्याखाली हात धरला. मग कोरड्या ओट्यावरून ओला हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

“मला हे पायजे,” ती म्हणाली.

“बरं, हे तर हे.” शकूनं क्षणभर विचार केला. “हितं भिंतीला भिंत नाय, पण ठीक हाय. समोरचं मी घेते. काय गं संजना, समोरचं मोकळं हाय ना?”

“नको,” जिजा म्हणाली.

“काय नको?”

“तू मोगऱ्यात घे. मी हितं ऱ्हाते.”

संजनाचा फोन वाजला नव्हता, तरी तो कानाला लावून ती बाहेर गेली.

“डोकं फिरलं का तुझं?” शकू म्हणाली. “हितं तुला कुत्रं इचारणार नाय.”

“नको इचारू दे.”

“चक्कर आली, पडलीस, तर?”

“दोरी हाय.”

आता शकूच्या ध्यानात आलं, की ही थट्टा नाही. तिचा आवाज चढला. “काय वाईट केलं गं मी तुझं? सांग ना. कवा उपाशी ठेवली तुला? कवा एकटी सोडली?”

“कवाच नाय सोडली,” जिजा म्हणाली.

ती ओट्याला टेकली. बोलायची तिला सवय नव्हती. सोसायटीत चार बायका जमल्या की जिजाच्या वाटचंही शकूच बोलायची.

“अक्षदाचे बाबा गेले त्या दिवशी तू पिठलं-भात आणलास,” ती सावकाश म्हणाली. “माझी चूल बंद होती. तू आणलास, बरं केलंस. तुझं उपकारच हायत. पण तेरावं झालं तरी आणत ऱ्हायलीस. वर्षश्राद्ध होऊन इतकी वर्षं झाली तरी आणतेस. सुतक असतं त्या घरात शेजारची ताटं येतात, शकू. माझ्या घरातलं सुतक अजून फिटलंच नाय बग.”

शकूनं पदरानं ओटा पुसायला घेतला. ओट्यावर जिजाच्या हाताचं पाणी होतं तेवढंच, ते कधीच पुसून झालं, तरी ती पुसत राहिली.

“एकदा घरात एकटी बसून रडायचं होतं गं मला,” जिजा म्हणाली. “भोकाड पसरून. तोंड वासलं की तू दारात उभी.”

“मग सरळ सांगायचंस.”

“तू ऐकतेस व्हय कुणाचं?”

शकूला राग आला. असा राग आला, की डबा, पिशवी घ्यावी आणि तरातरा निघून जावं. इतकी वर्षं हिच्यासाठी वाल सोलून नखं काळी झाली आणि ही बाई त्याला सुतक म्हणते! पण पाय हलले नाहीत. तासाभरापूर्वी जिजा भूक नाही म्हणाली होती. काल म्हणाली होती, परवा म्हणाली होती. इतकी वर्षं ती तेच सांगत होती आणि शकू तिला भिडस्त समजत होती.

“मग मी कुणाकडं जाऊ?” ती म्हणाली. हे तिला म्हणायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

जिजानं तिच्याकडं बघितलं. तिचेही डोळे भरले होते, पण शब्द तिनं मागे घेतला नाही.

“पूल हाय की मधी. ये. पन मी बोलावलं म्हंजे ये.”

शकूनं मान डोलावली. जिजानं जन्मात कधी कुणाला बोलावलं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

बाहेर येऊन शकूनंच संजनाला सांगितलं. “हिचं हे पक्कं कर. हवेशीर हाय, हिला आवडलंय. मला काय हितं करमायचं नाय, मी मोगऱ्यातच बरी.” हे ती अशा झोकात म्हणाली, की ऐकणाऱ्याला वाटावं तिचाच निर्णय. जिजा गाडीत मागच्या बाकावर जाऊन बसली. शकू नेहमीसारखी तिच्या शेजारी बसायला गेली, थबकली आणि पुढे संजनाजवळ बसली.

गाडी पूल उतरून मोगऱ्यापाशी आली. मघाचं जोडघर समोर आलं, दोन दारं एकाच पायरीवर.

“एका अर्थी बरंच झालं, काकू,” संजना म्हणाली. ती समजूतदार मुलगी होती, शकूचं मन राखायला बघत होती. “या जोडघराला अजून एक विचारणा होतीच. खोपोलीच्या एक बाई आहेत, धोंडूबाई म्हणून. दिवाळीत त्यांचे यजमान गेले. आता त्यांना शेजारचं देता येईल.”

“एकटीच येतेय?” शकूनं विचारलं.

“एकट्याच. फार खचल्यात म्हणे. मुलगा सांगत होता, धड जेवतसुद्धा नाहीत. शेजार मायेचा असेल तर हवा, असं म्हणाला. मला तर लगेच तुम्ही आठवलात.”

शकू सरसावून बसली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जीव आला. खोपोलीची म्हणजे कडवे वाल खात असेल. नसेल खात तर मऊ भात द्यायचा, वर मेतकूट. दिवाळीत गेला म्हणजे घाव अजून ताजा आहे, संध्याकाळी दिवेलागणीला तर तिला अजिबात एकटीला बसू द्यायचं नाही, आपणच जाऊन... तिथं तिचा विचार अडला. गाडीच्या छोट्या आरशात मागे बसलेली जिजा दिसत होती. जिजाचं इकडे लक्ष नव्हतं. ती बाहेर बघत होती आणि तिचा चेहरा इतका निवांत होता, की तसा शकूनं तो कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

“मग करू ना पक्कं?” संजनानं विचारलं.

“नको,” शकू म्हणाली.

“अहो, का? मघाशी तर तुम्हीच...”

“मघाशी म्हटलं. आता नको म्हणते. दुसरं दाखव एखादं.”

“कसं दाखवू? बाजूला कोण हवं तुम्हाला?”

“कुणी नको. दोनी अंगाला कुणी नाय असं दाखव.”

संजना गोंधळली. “काकू, तसं घर अगदी टोकाला आहे. पाण्याच्या पंपापाशी. तिथं तुम्हाला एकटं एकटं वाटेल हो. आणि या बाई खरंच चांगल्या आहेत. त्यांना तुमची सोबत...”

“ती जेवत नाय म्हणतेस ना?” शकू म्हणाली. तिनं मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. “मग मला राहावणार नाय, पोरी. घे गाडी मागं.”