रक्षिताची चासी

मल्हाररावांनी चाळीस वर्षं फिटर म्हणून काढली होती, आणि त्यांच्या हातचं काम कधी परत आलं नव्हतं. बंगळूरच्या चामराजपेटेत कुणाचा पंप अडो की शटर बिघडो, माणसं आधी त्यांचंच दार वाजवत. म्हणून थोरल्या बहिणीने, रत्नाबाईने, ट्रकचं काम सांगितलं तेव्हा जमेल की नाही ही शंका त्यांच्या मनाला शिवलीही नाही.

ट्रक त्यांच्या वडिलांचा, तात्यांचा. पन्नास सालच्या सुमाराचा, गोल नाकाचा, हिरव्या केबिनचा. तात्या गेल्यापासून आनेकलजवळ रत्नाबाईच्या आंब्याच्या मळ्यात पत्र्याखाली उभा होता. मळा खडकाळ टेकाडाच्या उतारावर. वरच्या अंगाची झाडं फळाला सगळ्यात गोड, पण तिथवर एकही गाडी चढत नसे. मागची चाकं जागच्या जागी फिरत, खडी उडे, आणि शेवटी बायका पाट्या डोक्यावर घेऊन उतरत. गेल्या हंगामात त्यातली एक घसरली आणि तिचं मनगट मोडलं. तेव्हापासून रत्नाबाईने धोशा लावला होता, की तात्यांचा ट्रक चारही चाकांनी ओढेल असा करून दे. रस्त्यावर तो न्यायचाच नव्हता, कुंपणाच्या आतच राबायचा होता.

मल्हाररावांची मुलगी रक्षिता पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःची फॅब्रिकेशनची शेड चालवत होती. ट्रक तिथे आणला. लष्कराच्या लिलावातली एक जुनी फोर-व्हील गाडीही मिळाली. तिचा पत्रा गंजून गेला होता, पण खालची चासी, म्हणजे सगळा भार पेलणारा लोखंडी सांगाडा, ठणठणीत होती. रक्षिताने तीन दिवस टेप घेऊन दोन्ही गाड्यांखाली काढले आणि मग सांगितलं, की ट्रकची केबिन आणि हौदा उचलून या दुसऱ्या चासीवर बसवू. चासी दीड फूट आखूड पडते, तेवढी मधे वाढवू.

मल्हारराव तयार होईनात. तात्यांनी तीस वर्षं ओझी वाहिली ती त्या चासीवर, ती काढली तर उरलं काय, नुसती टोपी? त्यांचा बेत सोपा होता. दुसऱ्या गाडीचा फक्त पुढची चाकं फिरवणारा अ‍ॅक्सल घ्यायचा. त्याचा गिअरचा गोळा उजवीकडे होता आणि ट्रकखाली तो डावीकडे हवा होता, तर अ‍ॅक्सल पालथा बसवायचा.

"अप्पा, पालथा घातला तर पुढची चाकं उलटी फिरतील," रक्षिता म्हणाली.

तुझ्या जन्माआधीपासून मी गिअर बसवतोय, असं मल्हारराव तिला म्हणाले. तरीही अ‍ॅक्सल धरायचे ब्रॅकेट ते सांगतील तसे तिने स्वतः वेल्ड करून दिले, आणि एकही कच्चा ठेवला नाही.

तीन आठवड्यांनी ट्रक ठोकळ्यांवर चढवला, चारही चाकं अधांतरी. शेडमधले जुने वेल्डर नरसिंहराव केबिनमध्ये बसले, इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला. मागची चाकं पुढे फिरली. पुढची मागे.

नरसिंहरावांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. कुणी हसलं नाही, आणि मल्हाररावांना तेच जास्त लागलं. ते स्टुलावर बसले. एक मूठ गिअर मानून दुसरी तिच्याभोवती फिरवून पाहिली, मग बाजू बदलून पुन्हा फिरवली. शाळेतल्या पोरालाही कळावं इतकं ते सरळ होतं. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी आपण डोक्याने नाही, हट्टाने काम केलं, हे त्यांना कळून चुकलं. ते उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"हिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. रक्षिता, तुझी चासी घे. मी काय करू ते सांग."

"कापलेल्या कडा तुम्ही घासून द्या," ती म्हणाली. "तुमच्यासारखी कानस इथे कुणाला चालवता येत नाही."

मग मल्हाररावांनी कडा घासल्या. रक्षिताने चासी मधोमध तिरकी कापली, जोड घातला, दोन्ही अंगांनी जाड पट्ट्या बसवल्या. ती जेवायला गेलेली पाहून मल्हाररावांनी टेप घेतला आणि चासीचे दोन्ही कर्ण मोजले. दुसऱ्यांदा मोजले. बारा फुटांच्या वर लांबीत एका मिलिमीटरचाही फरक नव्हता, म्हणजे चासी कुठेच वाकडी नव्हती. कारखान्यात असं काम करणारे त्यांनी उभ्या जन्मात दोनच पाहिले होते. टेप खिशात टाकून ते बराच वेळ जोडावरून अंगठा फिरवत राहिले.

तात्यांच्या ट्रकची केबिन आणि हौदा तिच्यावर चढवला, इंजिन आणि गिअर दुसऱ्या गाडीचेच राहिले. तात्यांची चासी भंगारात द्यायला मल्हाररावांचं मन धजेना. रक्षितानेच ती मळ्यातल्या ओहोळावर आडवी टाकून वर फळ्या ठोकल्या. पूर्वी तिथे बायकांना कमरेएवढ्या खड्ड्यात उतरून पलीकडे जावं लागे.

मे महिन्यात तोड सुरू झाली त्या सकाळी रक्षिता स्टिअरिंगवर बसली. रत्नाबाई नवं लुगडं नेसून तिच्या शेजारी. स्वल्प सावकाश घे, एवढंच तिने भाचीला बजावलं. मल्हारराव आधीच चढून वळणावर थांबले होते, जिथे प्रत्येक गाडी हरत आली होती. ट्रक आला. मागचं चाक घसरलं, खडी त्यांच्या पायांपर्यंत उडाली. क्षणभर ट्रक जागीच थरथरला. मग पुढच्या चाकांनी खडक धरला आणि ते हिरवं गोल नाक त्यांच्या छातीसमोरून वर सरकत गेलं. केबिनमधून रत्नाबाईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मल्हाररावांनी हात उंचावला.

वरून पाट्या भरून ट्रक खाली आला तेव्हा शेजारच्या मळ्याचा गिरीराज कुंपणापाशी येऊन उभा होता. त्याच्याकडेही एक जुना ट्रक पडून होता. मल्हाररावांचं नाव त्याने खूप ऐकलं होतं. अण्णा, माझंही काम घ्याल का, असं त्याने विचारलं.

"माप घ्यायला तीच येईल," मल्हारराव रक्षिताकडे बोट दाखवून म्हणाले. "मी तिच्याकडे कामाला आहे."

आणि तिने हाक मारली तसे ते पाट्या उतरवून घ्यायला लगबगीने गेले.