माझा घट्ट चिमटा

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही जो काखेत मारता, त्याच जातीचा मी एक जुना पॅड आहे. तपकिरी फळी आणि माथ्यावर पोलादी चिमटा. माझी स्प्रिंग जन्मापासूनच जरा जास्त ताठ. "हा बोट चावणारा दिसतोय," असे म्हणत दुकानदाराने मला गठ्ठ्याच्या तळाशी ढकलले. त्यामुळे शाळा हुकली आणि मी एका मोठ्या रुग्णालयात पोहोचलो.

तिथे अंडाशयाच्या कर्करोगावर संशोधन चाले. अंडाशय म्हणजे बाईच्या पोटातला बदामाएवढा अवयव, आणि त्याचा हा आजार असा लबाड, की बराच काळ कोणाला पत्ताच लागू देत नाही. एका खोलीत तो का होतो हे शोधत, दुसऱ्या खोलीत औषधे देत. मी तिसऱ्या खोलीत होतो. तिथे औषध घेणाऱ्या बायकांना दर खेपेला नुसते प्रश्न विचारत. झोप लागते का, जेवण जाते का, हातापायांना मुंग्या येतात का? बत्तीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे चार चौकोन. एवढ्या मोठ्या आजारात ही कसली चौकशी, असे मला वाटे. बायकोसोबत आलेल्या एका काकांनी तसे बोलूनही दाखवले. तेव्हा खोलीतल्या परिचारिका, ज्यांना सगळे ताई म्हणत, त्या म्हणाल्या, "काका, आजार गेला आणि माणूस अंथरुणातच राहिला, तर काय मिळवलं?"

कागद माझ्या पोटावर असल्यामुळे काय लिहिले ते मला दिसत नसे. पण हात कळत. कोणी पेन रुतवून लिही, कोणी विचार करताना नखाने मला खाजवी. हात ओळखायचा मला नादच लागला. कागद भरला की ज्याने त्याने चिमटा उघडून तो ताईंना द्यायचा, अशी तिथली पद्धत होती.

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. पहिल्या खेपेला त्यांनी एका अंगठ्याने माझा चिमटा सहज उघडला. मी मनातल्या मनात हार मानली. तिसऱ्या खेपेला त्यांचा अंगठा दोनदा घसरला. चौथ्या खेपेला पेन हातातून सुटले, आणि त्यांनी मला ताईंपुढे सरकवले. "तूच काढ गं. नखं कापलीत आज."

ताईंनी कागद काढून वाचला. "मुंग्या, अजिबात नाही. छान." मला ओरडून सांगावेसे वाटले. पण पॅडला तोंड नसते.

थोड्याच दिवसांनी तिथल्या डॉक्टरीणबाई ताईंना म्हणाल्या, "हा पॅड फेकून दे. त्याच्या चिमट्याचा सगळ्यांना त्रास होतो."

ताई मला उचलता उचलता थबकल्या. "सगळ्यांना नाही, बाई. पहिल्या खेपेला कोणीच तक्रार करत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून करतात."

दोघींनी जुने कागद उपसले. चिमटा उघडून मागणाऱ्या बहुतेक जणींनी मुंग्या नाहीत असेच लिहिले होते.

पुढच्या खेपेला ताई म्हणाल्या, "मावशी, आज चिमटा तुम्हीच उघडा."

मावशींनी जोर लावला. अंगठा पांढराफटक पडला, पण मी काही हललो नाही. माझ्या ताठपणाची मला तेवढी एकदाच लाज वाटली. त्यांनी मला मांडीवर ठेवले.

"या औषधानं बोटं बधिर झालीत गं. सुई ओवता येत नाही. बटण लावायला लेकीला हाक मारते."

"मग लिहिलं का नाहीत?"

"लिहिलं असतं तर औषध बंद केलं असतंत. आजार परत आला म्हणजे? बोटं गेली तर जाऊ देत, मी जायला नको."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "सांगितलंत म्हणून लगेच बंद नाही करत, मावशी. मात्रा कमी करता येते, कधी औषध बदलता येतं. पण आम्हाला कळायला हवं ना. आणि काय करायचं ते तुमच्याशी बोलूनच ठरवू."

मावशींचे औषध बदलले. तेव्हापासून प्रत्येकीने दर खेपेला एक बटण लावायचे आणि माझा चिमटा उघडायचा, असे ठरले. फेकायला निघालेला मी एकदम मानाचा झालो.

मग काचेच्या गुळगुळीत पाट्या आल्या. बोट टेकवले की उत्तर. बटणाची आणि चिमट्याची आठवण हळूहळू कोणालाच राहिली नाही. मी खणात, जुन्या कॅलेंडरांखाली दोन वर्षे पडून होतो.

एक दिवस ओळखीचा आवाज आला. "तो चावरा कुठंय?"

मावशी तपासणीला आल्या होत्या. त्यांनी मला मांडीवर घेतले आणि दोन्ही अंगठे चिमट्यावर टेकवले. बराच वेळ लागला. पण मी उघडलो. मग त्यांनी पिशवीतून माझ्या मापाची निळी खोळ काढली.

"टाके वाकडे आलेत," त्या ताईंना म्हणाल्या, "पण माझे आहेत."

ताईंनी मला खणात न ठेवता टेबलावर, त्या पाटीशेजारी ठेवले.

मित्रांनो, घरात कोणी "मी बरी आहे" म्हणाले, तर लगेच खेळायला पळू नका. त्यांच्या हातांकडे जरा पाहा, आणि खरे सांगायची भीती वाटते का, तेही विचारा. माझी जपणूक करायची असेल, तर खोळ आहेच. चिमट्याला मात्र तेल घालू नका.