फिकट हिरवा रंग

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जपानमधील सेंदाई शहरात एका प्रयोगशाळेत एकोणीस वर्षे काम करीत आहे. माझी भिंगे उत्तम आहेत, एवढेच स्वतःविषयी नोंदवतो. मेंदूच्या कर्करोगाच्या पेशींना रंग लावला, की माझ्या लेसरखाली त्या हिरव्या चमकतात. निरोगी पेशी काळ्या राहतात. निदान राहायला हव्यात.

सहा वर्षांपूर्वी माझा एक फिल्टर झिजला आणि निरोगी पेशीही मी फिकट हिरव्या दाखवू लागलो. येथील सर्वांना ते ठाऊक होते. फिकट तेवढे ते मनातल्या मनात वगळत. वहीत मात्र कोणी लिहिले नाही. प्राध्यापक कुवाबारांनी हौसेने आणलेल्या यंत्राला नावे कोण ठेवणार?

मग मंगोलियाच्या राजधानीहून, उलानबातारहून, डॉक्टर सारांगेरेल आठ आठवड्यांसाठी हे काम शिकायला आल्या. सोबत एनेबिश नावाच्या रुग्णाच्या गाठीचे पातळ काप होते. एनेबिश कुस्तीच्या मैदानात मल्लांच्या पदव्या पुकारत असे. गाठ मेंदूतील वाचेच्या भागाला लागून होती. तिची कड कोठे संपते, हे पाहून तिकडचे शल्यविशारद पुढच्या शस्त्रक्रियेत किती कापायचे ते ठरवणार होते.

मी ती कड बरीच पुढे दाखवली.

"सारांगेरेल-सान, काय सुबक हात आहे तुमचा!" तंत्रज्ञ नागासेबाई मला थोपटत म्हणाल्या. "आमचे आजोबा एरवी इतके खुलत नाहीत हं."

"आजोबा तुमचे, गुण त्यांचे. मी नुसतं बटण दाबलं."

प्रतिमा त्याच दिवशी उलानबातारला गेली. चार दिवसांनी चहा पिताना नागासेबाईंनी सहज विचारले, "त्यातलं फिकट वगळलंत ना?"

"कुठलं फिकट?"

"अहो, ते... सगळ्यांनाच माहीत आहे."

"सगळ्यांत मी कधी आले, नागासे-सान?"

रंग न लावलेला काप आधी पाहायचा असतो; तो पूर्ण काळा दिसला, तरच यंत्र ठीक. पाहुणीच्या कामावर शंका नको, म्हणून नागासेबाईंनी तसा आग्रह धरला नव्हता. आता तो माझ्याखाली ठेवला गेला. तोही हिरवा दिसला. सारांगेरेलबाईंनी फोन लावला. शस्त्रक्रिया आदल्या दिवशीच झाली होती. आठ मिलिमीटर जास्तीचे काढले होते.

एनेबिश जगला. मल्लांना तो ओळखतो. त्यांची नावे त्याला उच्चारता येत नाहीत.

कुवाबारा सारांगेरेलबाईंसमोर कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"सेन्सेई, एनेबिशना हे तुम्ही सांगणार, की मी?"

मुके यंत्र दोषी नसते, असे तर्क सांगतो. तर्क बरोबर आहे. तरीही ते निरोगी आठ मिलिमीटर माझ्याच प्रकाशात आजारी ठरले. मित्रांनो, यंत्राची निगा म्हणजे केवळ धूळ पुसणे नव्हे. त्याचा दोष दिसला, तर त्याच दिवशी तो त्याच्या अंगावर लिहून ठेवा. ज्याला काहीच ठाऊक नाही, अशा माणसाला वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत.